शिफ्टवरची करंगळी

"एकदा हात बसला की डोळे मिटून काम कराल, साहेब," असं कल्याणचा दुकानदार महिपतरावांना म्हणाला होता. नव्या सॉफ्टवेअरची सीडी त्यानं पिशवीत घालून दिली, वर एक पेन फुकट दिलं आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. डोळे टक्क उघडे ठेवूनही माणूस काय काय करू शकतो याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती. ती पुढं मुरबाड तालुक्यातल्या एका अख्ख्या गावाला आली.

महिपतराव भातसानगरच्या कॉलनीत राहायचे आणि कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. आठवडाभर कागद आत घ्यायचे, बाहेर पाठवायचे, आणि रविवारी लग्नांची शूटिंग करायची. शहापूर, किन्हवली, मुरबाड, जिथं मांडव तिथं महिपतराव. शूटिंग काय, कुणीही करील. पण नंतर घरी बसून त्यातलं नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, मध्येच दोन गुलाब फिरवून आणायचे, ही खरी कला, असं त्यांचं म्हणणं. जुन्या सॉफ्टवेअरवर त्यांचा हात असा बसला होता की एकीकडे बायकोशी वाद घालत ते कुणाचीही हळद कापून मोकळे व्हायचे. वादात हरायचे, पण हळद झकास व्हायची.

मग बिनसलं कुठं? तर मेव्हण्याच्या लग्नात. त्यांच्या बायकोचा, पौर्णिमाचा, एकुलता एक भाऊ रूपेश. त्याच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा सासूबाई, म्हणजे जनाबाई, सहज म्हणाल्या की शूटिंगला कल्याणचा माणूस सांगू. झालं! महिपतरावांचा स्वाभिमान ताडकन उठून बसला. "घरात माणूस असताना बाहेरचा कशाला? अशी सीडी करतो की कल्याणवाले बघायला येतील!" हे ते भर पंगतीत बोलले, आणि बोलताना हातात जिलबी होती. आता अशा सीडीला जुनं सॉफ्टवेअर कसं शोभेल? म्हणून हे नवं आणलं.

"जिभेला काही हाड?" घरी आल्यावर पौर्णिमा म्हणाली. "इतक्या वर्षांत माझ्या माहेरी तुम्हाला कुणी वावगं बोललं नाही, कारण तुम्ही तिथं गप्प बसता. आता ही सीडी बिघडली ना, तर मी कुठल्या तोंडानं मुरबाडची एसटी धरायची ते सांगून ठेवा."

तेव्हा प्रश्न साध्या सीडीचा नव्हता. सासरवाडीतल्या इज्जतीचा होता, आणि इज्जत दोघांची मिळून एकच होती.

लग्न सासरवाडीत, विहारासमोरच्या पटांगणात छान झालं. पांढऱ्या कपड्यांत नवरा-नवरी, त्रिशरण, पंचशील, हार, टाळ्या, भाषणं आणि त्या भाषणांवरची भाषणं. महिपतरावांनी सगळं टिपलं. टेप घेऊन ते घरी आले, संगणक चालू केला, नवं सॉफ्टवेअर उघडलं आणि तिथंच अडले.

म्हणजे दिसायला सगळं जुन्यासारखंच. पडद्यावर दोन लांबच लांब पट्ट्या, वरची चित्रांची, खालची आवाजाची. दोन्ही मिळून टाइमलाइन. माऊस फिरवत एकेक काम करायचं तर पुढच्या लग्नसराईपर्यंत बसावं लागेल, म्हणून उस्ताद लोक शॉर्टकट वापरतात. एक बटण दाबलं की एक काम फत्ते. आता गंमत बघा. जुन्यात 'एस' दाबलं की चित्राचे दोन तुकडे व्हायचे. नव्यात 'एस' दाबलं की चित्रं एकमेकांना चिकटायला लागायची किंवा चिकटायची बंद व्हायची. जुन्यात 'सी' म्हणजे नक्कल, नव्यात 'सी' म्हणजे कात्री. बटणं तीच, पण सगळ्यांची खाती बदललेली. सरकारी माणसाला याहून मोठा छळ नाही.

महिपतरावांनी किरकोळ रजेचा अर्ज टाकला. कारण खरं लिहिलं, "सॉफ्टवेअर बदलामुळे." अर्ज शेरा मारून परत आला, "सदर सॉफ्टवेअर कोणत्या योजनेत बसते, खुलासा करावा." त्यांनी खुलासा केला. खुलाशाला आवक क्रमांक लागतो, तो त्यांनीच द्यायचा होता, पण ते रजेच्या विचारात असल्यामुळे द्यायला विसरले आणि खुलासा हरवला. शेवटी "कौटुंबिक अडचण" असं लिहिल्यावर रजा मुकाट्यानं मिळाली.

कॉलनीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. समोरच्या सुंदरावहिनी डब्यात कुरडया घेऊन आल्या आणि खुर्चीमागं उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, जुन्यावर तुम्ही पौर्णिमाशी भांडत काम करायचात ना? मग तसंच करून बघा. मुद्दा नसला तर मी देते." शेजारचा शाम शहापूरला संगणकाचा कोर्स करून आलेला. त्यात टायपिंगच शिकवलं होतं, पण कोर्स तो कोर्स. तो म्हणाला, "काका, बटणांवर रंग लावा. लाल म्हणजे कापा, हिरवा म्हणजे जोडा. सिग्नलसारखं." भातसानगरात सिग्नल कुठला आलाय, पण सल्ला पटला. रंग नव्हता म्हणून पौर्णिमाच्या टिकल्यांचं पाकीट कामी आलं. कात्रीला लाल, जोडायला हिरवी, मागं जायला जांभळी, चमकीवाली मधोमध.

दिवस मे महिन्याचे. बोटांना घाम. टिकल्या बटणावरून बोटावर, बोटावरून कपाळावर. रजा संपवून महिपतराव कचेरीत गेले तेव्हा साहेबांनी त्यांच्याकडे दोनदा पाहिलं आणि कौटुंबिक अडचण मिटली का, असं फारच हळुवारपणे विचारलं. दुपारी हात धुताना आरशात त्यांना डाव्या गालावर हिरवी टिकली दिसली. ती सकाळपासून तिथं होती.

तरीही माणूस चिवट. पंचशील झालं, हार झाले, भाषणं निम्म्यावर आणली. राहिला आहेर. आता आमच्याकडं लग्नाच्या सीडीत लोक काय बघतात, तर आहेर. माइकवर नाव पुकारायचं, काय आणलंय ते पुकारायचं, आणि तो माणूस नवरा-नवरीशेजारी उभा राहून कॅमेऱ्यात बघणार. तेवढ्यासाठी माणसं एसटीत उभ्यानं आलेली असतात. महिपतरावांनी आहेर अगदी जपून हाताळला. माइकवरचा रूपेशचा मित्र मुकेश खणखणीत पुकारणारा. त्याचा आवाज चुकून कापला जाऊ नये म्हणून त्यांनी आवाजाच्या पट्टीला कुलूप लावलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होती, छोट्या कुलपाचं चित्रच होतं. कुलूप बघून त्यांना प्रथमच त्या सॉफ्टवेअरबद्दल आपुलकी वाटली.

एक आहेर भलताच लांबला होता. त्याचं शेपूट उडवावं म्हणून त्यांनी कात्री घेतली. त्याच वेळी स्वयंपाकघरातून पौर्णिमा म्हणाली, "अहो, भारनियमनाची वेळ झाली, लाइट जाईल, सीडी काढा आधी!" माणूस घाबरला की नवं शिकलेलं विसरतो आणि बोटं जुन्या घरी जातात. त्यांनी 'एस' दाबलं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काही डिलीट करायचं तर शिफ्टही धरावी लागे, त्यामुळे त्यांची डावी करंगळी सदा शिफ्टवर ठाण मांडून असायची. ती तिथंच होती. डिलीट दाबलं. सॉफ्टवेअरनं इंग्रजीत काहीतरी विचारलं, बहुधा न वापरलेली चित्रं पुसू का, असं. घाईत ते हो म्हणाले. सीडी निघाली, लाइट गेली. सीडी पुन्हा बघायची राहिली.

रविवारी संध्याकाळी विहारासमोर भाड्याचा टीव्ही आला. सतरंज्या, वर चादरी, पुढं पोरं, मग बायका, मागं पुरुष. रूपेशची म्हातारी आत्या गोजाबाई, जिनं त्याला कडेवर वाढवला, ती टीव्हीला नाक लागेल इतकी पुढं. मामा बारकू खास खुर्चीवर. वंदना झाली, सीडी लागली. पंचशील सुंदर. हार सुंदर. जनाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "जावयानं नाव काढलं." महिपतरावांनी पौर्णिमाकडे बघितलं. पौर्णिमानं हसून मान हलवली. त्या क्षणी सीडी बंद केली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

आहेर सुरू झाला. पहिले चारपाच बरोबर. मग मुकेशचा आवाज आला, "नवरदेवाची आत्या गोजाबाई, यांच्याकडून पितळी तांब्या!" आणि पडद्यावर चार माणसांनी उचललेलं लोखंडी कपाट, आणि त्यावर हात ठेवून बारकूमामा. लोक असे हसले की पुढचं काही ऐकूच आलं नाही. कपाट ठेवलं, मामा खाली उतरले, आणि मग आवाज आला, "नवरदेवाचे मामा बारकूशेठ, यांच्याकडून लोखंडी कपाट, आरशासहित!" पडद्यावर तानीमावशी, हातात चहाची गाळणी.

"अरे, हे काय?" मामा खुर्चीवरून अर्धे उठले.

तिथून पुढं धमालच. सरपंचांच्या नावावर पोळपाट. पोळपाटवाल्यांच्या नावावर पंखा. "भातसानगरचे जावई महिपतराव, यांच्याकडून भिंतीवरचं घड्याळ!" असं पुकारलं तेव्हा स्टेजवर एक कुत्रं चढलं होतं आणि दोन माणसं त्याला हाकलत होती. ते कुत्रं महिपतरावांनी गंमत म्हणून मुद्दाम ठेवलं होतं. शेवटी चित्रं संपली, पडदा काळा झाला आणि काळोखातून मुकेश प्रेमानं सांगत राहिला, "जेवल्याशिवाय कुणी जायचं नाय हां."

"जेवान हाय का?" मागून कुणीतरी विचारलं.

मामांनी ते ऐकलं नाही. ते महिपतरावांसमोर येऊन उभे राहिले. "जावई, मी कपाट दिलं का गाळणी दिली, ते चार लोकांत सांगा. आरसा हाय त्याला आरसा! टेम्पोत गादी घालून आणलाय तो!" पोळपाटवाले म्हणाले आमचा पंखा राहू द्या, पंखेवाले म्हणाले राहू कसा देऊ. ज्यांचं भलं झालं ते गप्प, ज्यांचं वाईट झालं ते उभे. गोजाबाई काहीतरी बोलायला दोनदा उठली, पण त्या गलक्यात तिला कोण ऐकतो? जनाबाईंनी खाली अंथरलेल्या चादरीची शांतपणे घडी घातली आणि ती आत नेली. त्या घडीनं महिपतरावांचा जीव अर्धा झाला.

परतीच्या एसटीत पौर्णिमा बोलली नाही. शहापूरला गाडी बदलली तरी नाही. भांडणारी पौर्णिमा त्यांना पाठ होती, गप्प पौर्णिमा हे नवंच होतं आणि त्याला शॉर्टकट नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू. शाम म्हणाला, "काका, एकेक चित्र धरून मागं ओढा." ओढलं, तर मागचं चित्र पुढच्यावर चढलं आणि तानीमावशीचा अर्धा भाग सरपंचांनी खाल्ला. सुंदरावहिनी म्हणाल्या, "सगळा आवाज काढून टाका आणि गाणी घाला, कुणाला कळतंय!" मग महिपतराव पेटलेच. "वहिनी, आहेर पुकारल्याशिवाय तो आहेर होतो का?" असं ते गरजले आणि पुन्हा करंगळी शिफ्टवर गेली आणि नवरीची आई गायब झाली. नशीब एवढंच की दरवेळी जतन करायच्या आत लाइट जायची आणि सगळं पहिल्यासारखं व्हायचं. भारनियमनाला मनापासून दुवा देणारा महिपतरावांसारखा माणूस त्या वर्षी जिल्ह्यात दुसरा नसेल.

अशात शामच्या घरी फोन आला, बारकूमामांचा. महिपतराव घाम पुसत गेले.

"जावई, जय भीम. ती सीडी दुरुस्त केलीत का?"

"करतोय मामा, होईल."

"नका करू," मामा हळू आवाजात म्हणाले. "अहो, कपाट कुनी दिलं ते आता पार तालुक्याला माहीत झालंय. ज्याच्या त्याच्या घरी मला चहाला बोलावतात, काय झालं ते सांगा म्हणतात. मी आरशापासून सुरुवात करतो. नीट केलीत तर कोन विचारतंय? तशीच ठेवा."

म्हणजे आता दुरुस्त करावं तरी पंचाईत, न करावं तरी पंचाईत. महिपतरावांनी हात टेकले. पुढच्या रविवारी सकाळी किन्हवलीला एका बारशाचं काम होतं. त्यांनी लग्नाचीच टेप मागं फिरवून पुन्हा भरायला कॅमेऱ्यात घातली, बूट घातले आणि दार उघडलं, तर दारात गोजाबाई. एकटीच, काखेत पिशवी, मुरबाडहून दोन एसट्या बदलून आलेली.

"जय भीम रे बाबा. निघालात का? मग मी येते परत."

"आत्या, आधी आत या," म्हणत पौर्णिमानं तिला धरून बसवलं, पाणी दिलं. म्हातारीनं पाणी अर्धंच प्यायलं.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "रागावू नका. सीडीत समदी दिसली. गाळणी दिसली, पोळपाट दिसला, कुत्रं पन दिसलं. मी नाय दिसले."

महिपतरावांनी कॅमेरा खाली ठेवला.

"मला वाटलं, पुढं येईल माझा नंबर. मग पडदाच काळा झाला. मंग लोक भांडाया लागले, तवा म्हटलं नंतर विचारू. तुमी काढलात का मला? माझं लई लांबलं, म्हनून? काढलं असलं तरी चालंल, मी आपली विचारायला आले."

सगळं गाव आपापला आहेर शोधत होतं, त्यात कोण मुळातच नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ज्यानं तिला काढली, त्याच्यासुद्धा नाही. महिपतरावांना एवढी लाज वाटली की त्यांनी खाली बसून बूट काढले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

"आत्या, चुकून गेलात," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो, चुकून. शेपूट काढायला गेलो आणि अख्खं चित्र गेलं, आणि मागची सगळी पुढं सरकून त्या जागी आली."

"मग टेप?" पौर्णिमानं विचारलं. आठ दिवसांत नवऱ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

टेप कॅमेऱ्यात होती, मागं फिरवून तयार. म्हातारीची एसटी चुकली असती तर आज तिच्यावर किन्हवलीचं बाळ रडलं असतं. महिपतरावांनी शामला हाक मारली, बारशाच्या लोकांना फोन करून बाळाचं नाव थोडं उशिरा ठेवा असं सांगायला लावलं, आणि टेप संगणकात उतरवली.

आली! गोजाबाई आली. चिंचेनं घासून लखलखीत केलेला तांब्या दोन्ही हातांनी नवरीच्या हातात दिला. निघाली, परत वळली, रूपेशची कॉलर नीट केली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली, आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, "जावई, तुमी जेवलात का? सकाळपासनं उभे हाव." पूर्ण लग्नात कॅमेऱ्यामागं माणूस आहे हे त्या एकटीला दिसलं होतं. कापायचं शेपूट हेच होतं. महिपतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि तरी पडदा नीट दिसेना.

मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. घाई केली नाही. कुठलं बटण काय करतं ते मनात म्हटलं, करंगळी उचलून वेगळी धरली, आणि गोजाबाईचं चित्र मुकेशनं तिचं नाव पुकारलं त्या जागी नेऊन सोडलं. कुलपातला आवाज होता तिथंच राहिला. वरची चित्रं मात्र एका दमात मागं सरकली. महिपतरावांनी लावून बघितलं. "बारकूशेठ, लोखंडी कपाट, आरशासहित!" आणि पडद्यावर बारकूमामा, कपाट, आरसा. "तानीमावशी, चहाची गाळणी!" आणि तानीमावशी, गाळणी. सरपंच, पंखा, पोळपाट, ज्याचं त्याच्याकडे. आठ दिवस ते एकेकाला धरून ओढत होते, आणि अडलं होतं सगळं हिच्यापाशी. काळोखातला मुकेशसुद्धा उजेडात आला आणि लोक पंगतीला बसताना दिसले.

"अगं बाई!" पौर्णिमा म्हणाली, आणि नवऱ्याच्या पाठीवर तिनं अशी थाप मारली की चष्मा पुन्हा खाली आला.

गोजाबाईनं स्वतःला पहिल्यांदा बघितलं ते तोंडावर पदर घेऊन. दुसऱ्यांदा पदर काढून. मग म्हणाली, "लई वेळ उभी ऱ्हायले गो मी. मागं बारकू कपाट घेऊन ताटकळला बघ. जावई, थोडं कापा की. लोक काय म्हनतील?"

"नाही आत्या," महिपतराव म्हणाले. "तुम्ही जेवढ्या उभ्या होतात, तेवढं सगळं लागतं. त्यातलं एवढंसं जरी कमी केलं ना, तर मागच्या सगळ्यांचे आहेर पुन्हा घसरतात."

म्हातारीला टाइमलाइन कळली नसेल, कुलूप कळलं नसेल, पण आपण किती लागतो ते कळलं. तिनं पिशवी बाजूला ठेवली, पाय नीट पसरले आणि राहिलेलं पाणी पिऊन टाकलं.

"मंग परत लावा," ती म्हणाली. "कपाट नको. मलाच लावा."